सव्वा इंदू

राजापेठेत स्वेटरवाले आले की मला चिखलदरा आठवतो. आठवतो म्हणजे आवडतो असं नाही. जुनं दुखणं हवा बदलली की आठवतं, तसा आठवतो.

दिवाळी सरली की हे लोक रस्त्याच्या कडेला बांबू रोवतात, दोऱ्या ताणतात आणि लाल, निळे, जांभळे स्वेटर टांगतात. शिकवणीची पोरं पाठीवर दप्तर तसंच ठेवून ते अंगाला लावून पाहतात, मागून गाड्या हॉर्न देतात, हातगाडीवर हिरव्या तुरीच्या शेंगांचा ढीग असतो. सकाळी कानाला गार लागतं आणि दहा वाजले की ऊन पुन्हा होतं तसंच. आमच्या अमरावतीची थंडी एवढीच. खरी थंडी पाहायची तर परतवाड्याच्या पुढे जावं लागतं, घाट चढून वर. मी ती पुष्कळ वर्षं पाहिली. पाहिली कमी, सोसली जास्त.

माझे यजमान मोजणीखात्यात होते. जन्मभर त्यांनी लोकांचे बांध मोजले. निवृत्त झाल्यावर कॅमेरा घेतला आणि डोंगर मोजायला लागले. ते त्याला फोटोग्राफी म्हणायचे. मला विचाराल तर ती मोजणीच होती.

मोजणीत एक माणूस लाल-पांढरी काठी घेऊन दूर जाऊन उभा राहतो. यंत्रामागचा माणूस त्याला हातानं खुणा करतो, डावीकडे हो, उजवीकडे हो, बस, थांब. डोंगरात ती काठी मी झाले. त्यांचं म्हणणं असं, की मापाशिवाय डोंगर म्हणजे नुसता ढिगारा. कडा केवढा आहे ते कळायचं असेल तर त्याच्यापुढे माणूस पाहिजे. तो माणूस मी. लाल साडी नेसायची, म्हणजे हिरव्यात आणि करड्यात कुठूनही दिसते. माझी उंची पाच फुटांना जराशी कमी. घरी आल्यावर ते फोटो मोठा करून कॉम्प्युटरच्या पडद्यापुढे पेन्सिल उभी धरायचे, मी त्यात पेन्सिलीच्या टोकाएवढी असायचे, आणि ते तसे मोजत वर जायचे. “हा कडा पन्नास इंदू. हे सागाचं झाड दहा इंदू.” इंदू हे माझं नाव.

वाघानं झाडाच्या बुंध्यावर नखं ओढलेली असली तर मी तिथे हात वर करून उभी. चिखलात पंजा उमटलेला असला तर माझा हात त्याच्या शेजारी. माझ्या हाताचे फोटो त्यांच्याकडे इतके होते, तेवढे देवाचे नसतील.

ते गेले त्याला चार वर्षं झाली. आमचा मुलगा सुधीर पुण्याला असतो. यंदा त्यानं मनावर घेतलं, बापाच्या फोटोंचं अमरावतीत प्रदर्शन भरवायचं. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, चांगलं वाटलं. तीन-चार दिवस आधी फोटो छापून, चौकटी लावून घरी आले. माझी धाकटी बहीण शांता प्रदर्शनासाठी अकोल्याहून आली होती. आम्ही दोघींनी कागद सोडवून फोटो दिवाणाला टेकवून ठेवले.

शांता पहिल्या फोटोपुढे कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “हे कुठलं वं? आपल्या गावची मुरमाची खदान?”

“खदान काहून असंन? भीमकुंडाचा कडा हाये तो.”

“हा? बम लहान दिसते.”

तेव्हा मी नीट पाहिलं. मी त्यात नव्हते. दुसरा फोटो पाहिला, त्यात नव्हते. वैराटच्या बाजूची डोंगरधार, त्यात नव्हते. एकेक करून सगळे पाहिले. एकाही फोटोत मी नव्हते.

सुधीर आतल्या खोलीत कॉम्प्युटर घेऊन बसला होता.

“सुध्या, मी कुठं गेली?”

“कुठे म्हणजे?”

“फोटोतून.”

“अगं, ते मी साफ केलं. सगळ्यात पहिले डोळा त्या लाल साडीवरच जातो. लोकांना निसर्ग दिसला पाहिजे ना.”

“तुह्या बापानं मले लाल साडी तेच्यासाठीच नेसवली होती, डोळा जावा म्हणून.”

“बाबांची ती जुनी पद्धत होती, आई. आता कोणी असं करत नाही. बघ, किती सोपं आहे.” असं म्हणून त्यानं एक फोटो उघडला, त्यात मी होते. त्यानं माझ्याभोवती गोल फिरवला. मी गेले आणि मी उभी होते तिथे गवत आलं. नवं गवत, बाजूच्या गवतासारखंच. त्यानं माझ्याकडे वळून पाहिलं. लहानपणी पाढे म्हणून दाखवल्यावर पाहायचा तसं.

शांता दारात उभी राहून पाहत होती. ती म्हणाली, “पोटावरची चरबी निंघते का रे येच्यात? माही काढ थोडी.”

सुधीर हसला. मी नाही हसले.

त्या घटकेला मला काय पाहिजे ते मी स्पष्ट सांगितलं. बाकीचे फोटो राहू दे, लोकांना खदान दाखवायची तर दाखव. पण गव्याचा फोटो तेवढा होता तसा लाव. त्यात मी पाहिजे.

“बघतो,” तो म्हणाला.

पुण्यात राहून तो बघतो म्हणायला शिकला. आमच्याकडे हो म्हणतात, नाही तर नाही म्हणतात.

गव्याचा फोटो त्यांच्या शेवटच्या हिवाळ्यातला. त्या वर्षी पाऊस उशिरापर्यंत रेंगाळला होता आणि थंडी चांगली पडली होती. खाली कापसाची वेचणी चालू, बसच्या खिडकीतून शेतं पांढरी दिसायची, आणि वर गेलं की दऱ्यांतही पांढरंच, पण धुक्याचं. डॉक्टरांनी त्यांना चढायला मना केलं होतं. हृदयाचं काही तरी निघालं होतं. ते ऐकल्यापासून, आधी महिन्यातून एखाद्या वेळी जायचे ते दर आठवड्याला जायला लागले. मी एकदा म्हटलं, आता पुरे. तर म्हणाले, “मी कुठं चढून राहिलो? चढतं तं तू.”

ते खरं होतं. ते खाली सडकेच्या वळणावर स्टँड लावून बसायचे आणि मला समोरच्या धारेवर पाठवायचे. माझेही गुडघे गेलेले होते. फक्त ते कोणी डॉक्टरला दाखवले नव्हते.

पहाटेची गाडी, मग परतवाड्याहून दुसरी. पिशवीत ज्वारीच्या भाकरी, ठेचा, कांदा. थर्मासमधला चहा त्यांचा, कारण त्यांना बसल्या जागी थंडी वाजायची. मला चालून घाम यायचा आणि मग उभं राहिलं की तो घाम पाठीवर गार व्हायचा. वाळलेल्या गवताची कुसळं साडीत रुतायची. घरी आल्यावर मी दुपारभर ती वेचत बसायचे आणि ते पेन्सिल घेऊन मोजत बसायचे.

एवढ्या दुरून बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून खुणा. ते मोजणीतल्यासारखा एक हात लांब करायचे. मी सरकायचे. कधी कधी वाऱ्यावर ओरडणं यायचं, “डावीकडे! तुह्या डावीकडे, माह्या नाई!” एकदा फिरायला आलेल्यांची एक गाडी त्यांच्याजवळ थांबली. त्यातल्या बाईनं विचारलं, काका, काकू रुसून तिकडे गेल्या का? हे म्हणाले, “नाई, मोजून राहिलो तिले.” ती बाई घाईनं गाडीत जाऊन बसली म्हणे. हे घरी येऊन त्यांनीच सांगितलं आणि खूप हसले. मलाही हसू आलं होतं. नाही आलं असं नाही.

तोंड मात्र त्यांनी कधी इकडे करू दिलं नाही. पाठ कॅमेऱ्याकडे, तोंड डोंगराकडे. “तोंड आलं का लोक तोंडच पाह्यतात, डोंगर नाई पाह्यत.” इतकी वर्षं फोटो काढणाऱ्या माणसाच्या बायकोचा तोंड दिसेल असा फोटो कुठे आहे म्हणाल, तर आधारकार्डावर. त्यात मी मेल्यासारखी दिसते.

पण एक गोष्ट आहे, ती मी त्यांना कधी सांगितली नाही आणि सुधीरला सांगून उपयोग नाही. पाठ त्यांच्याकडे असायची म्हणून समोरचं सगळं माझं असायचं. ते एक डोळा मिटून चौकोनातून पाहायचे. मी दोन्ही डोळ्यांनी पाहायचे. धुकं दरीतून वर यायचं, माझ्या पायाशी थांबायचं, परत खाली जायचं. समोरच्या कड्यावरून घारी माझ्याहून खाली उडायच्या आणि त्यांची पाठ दिसायची. घारीची पाठ कोणी पाहिली आहे? त्या वेळात मला कोणी चहा मागत नव्हतं, किल्ली कुठे आहे विचारत नव्हतं, भाजीत मीठ कमी आहे म्हणत नव्हतं. हलायचं नाही एवढंच काम. घरात मी नुसती उभी आहे असं लग्न झाल्यापासून कधी घडलं नव्हतं. तिथे तेच माझं काम होतं. मी चौथी शिकलेली बाई, मला त्याला नाव देता येत नाही. पण सुधीरनं जिथे गवत लावलं तिथे हे होतं.

गवा त्यांना त्याच हिवाळ्यात पाहिजे होता. गव्याचे फोटो सगळ्यांकडे असतात, पण केवढा आहे ते कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. वैराटच्या बाजूला, जिथवर जाऊ देतात तिथवर, एका धारेवर गवे सकाळी उन्हाला येतात असं त्यांना कळलं होतं. मी विचारलं, म्हणजे मी गव्याजवळ उभी राहू?

“जवळ नाई. एका रांगेत. तो तिकडे, तू इकडे, मधात बम जागा. गवा काई करत नाई.”

“तुमाले सांगतलं का त्यानं?”

“तू हालली नाई तं नाई करत.”

सुधीरला वाटतं या सगळ्याबद्दल माझा बापावर राग आहे आणि तो मी त्याच्यावर काढते. आहेच राग. मी नाही म्हणतच नाही. पण एकाचा राग दुसऱ्यावर काढायची मला गरज नाही, दोघांचे वेगवेगळे राग पुरेसे आहेत.

दोनदा गेलो, गवा नाही आला. तिसऱ्यांदा गेलो त्या सकाळी धुकं इतकं होतं की मला खाली हे दिसतच नव्हते. मी आपली ठरल्या जागी उभी. बोटं काखेत घातलेली. मग ऊन आलं, धुकं फाटलं, मागे वळून पाहिलं तर खाली सडकेवर ते बारीकसे दिसले. त्यांनी दोन्ही हात छातीपुढे फुली करून धरले होते. मोजणीत त्याचा अर्थ, जागा धर, हलू नको. मला वाटलं फोटो निघतो आहे, म्हणून तोंड पुन्हा डोंगराकडे केलं. मग मला वास आला. गोठ्याचाच वास, पण रानातला, जास्त तिखट.

मी मान वळवली. उजव्या हाताला झुडपातून तो बाहेर आला होता. काळा, पाठीवर उंचवटा, आणि पायांत पांढरे मोजे घातल्यासारखे चारही पाय. नाकातून वाफ निघत होती. तो चालत होता आणि मला पाहून थांबला.

भीती वाटली का असं शांता नेहमी विचारते. वाटली. पण तो पाहत होता तसं मला कोणी पाहिलं नव्हतं, हेही खरं. खालचा माणूस मला मोजत होता. हे जनावर मला पाहत होतं, तोंडाकडे. ही काय आहे, कोण आहे, काय करील, एवढं सगळं त्याच्या डोळ्यांत होतं. मीही त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या कानावर माश्या होत्या. तो कान हलवायचा, मान नाही. मग त्यानं ठरवलं की मी काही नाही करत, आणि तो धारेच्या पलीकडे उतरून गेला. दगड घरंगळल्याचा आवाज बराच वेळ आला.

मी खाली उतरायला लागले. दोनदा बसले, परत उठले. हे कॅमेऱ्याच्या पडद्यावर वाकून बसले होते. वर न पाहता म्हणाले, “सव्वा! इंदे, पाह्य इकडे, खांद्यापाशी सव्वा इंदू भरला!” त्यांचा चेहरा असा झाला होता, सुधीर झाला तेव्हाही झाला नव्हता.

घाबरली का, असं त्यांनी विचारलं नाही. पाणी पे, असंही नाही म्हणाले. परतवाड्यापर्यंत मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षात आलं नाही.

उन्हाळ्यात ते गेले. फोटो कॉम्प्युटरमध्ये राहिले. तो गव्याचा फोटो मी शेजारच्या मुलीकडून कधी कधी उघडून घ्यायचे. डावीकडे मी, लाल, पाठमोरी, मान वळवलेली. उजवीकडे तो. मधात पिवळं गवत आणि ऊन. तो माझ्याकडे पाहतो आहे. फोटोत सगळं यावरच उभं आहे, की तो पाहतो आहे आणि कोणाकडे पाहतो आहे. हे कळायला शिकलेलं असावं लागत नाही. डोळे लागतात.

प्रदर्शनाच्या दिवशी मी लवकर तयार झाले. हिरवी साडी नेसले. शांता म्हणाली, “लाल नेस ना, लोकाईले वळखू येशीन.” मी म्हटलं, “कशातून वळखतीन? हाये का मी कुठं?” तिनं माझ्या मानेमागची पिन लावून दिली.

सभागृह चांगलं होतं. गालिचा, फुलं, बटाटेवडे, चहा. सुधीर दारात उभा राहून येणाऱ्यांच्या हातात हात देत होता. मला पाहिल्यावर त्यानं नजर काढून घेतली आणि मला तिथेच कळलं. तरी मी आत जाऊन पाहिलं. गव्याचा फोटो समोरच्या भिंतीवर मधोमध होता, सगळ्यांत मोठा. खाली पाटीवर लिहिलं होतं, ‘एकांत’.

मी दारापाशी परत आले.

“सुध्या, तो तसाच लावतो म्हणला होता तू.”

“बघतो म्हटलं होतं, आई. छापून आधीच झालं होतं. परत छापायला वेळ नव्हता. आणि खरं सांगू, हाच चांगला आहे. सगळ्यांना हाच आवडतो आहे. आज बाबांचा दिवस आहे ना?”

“बाबाचा हाये ना. मंग त्यानं काढला तसा लाव.”

“आई, हळू बोल. लोक आहेत.”

शांता मधे पडली. “लोकच हायेत ना बाप्पा, गवे तं नाई. गव्यापुढं उभी रायली तुही माय.” सुधीरनं आणखी कोणाचा तरी हात हातात घेतला आणि आम्ही दोघी बाजूला झालो.

मग भाषण झालं. पाहुणे कोणी तरी जाणकार होते, आवाज भारी होता. त्यांनी त्याच फोटोबद्दल बराच वेळ सांगितलं. म्हणाले, या प्राण्याच्या नजरेत पाहा, तो शून्यात पाहतो आहे. या विशाल डोंगरात त्याच्यासमोर काहीही नाही आणि तरी तो पाहतो आहे. हे एकटेपण टिपायला फोटो काढणाराच आतून एकटा असावा लागतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेतल्या एका बाईनं डोळ्याला रुमाल लावला.

शांता माझ्या कानाशी लागली. “शून्यात म्हणे. इतकी मोठी बाई हायेस तू.” मला एवढ्या दिवसांत पहिल्यांदा हसू आलं आणि ते लगेच गेलं. कारण मला वाटलं, पाहुणे म्हणतात त्यात काय चूक? माझ्या यजमानांनीही कॅमेऱ्यातून तेच पाहिलं असेल. तिथे एक माप उभं होतं. माप म्हणजे कोणी नाही. यांनी मला फोटोत ठेवलं आणि मुलानं काढलं, एवढाच दोघांत फरक. मग मी म्हटलं, नाही. फरक आहे. यांच्या फोटोत मी काहीही असले तरी होते. तिथवर चढून मी गेले होते, माझ्या पायांनी, आणि ते फोटोत होतं.

लोक चहाला गेले. मी त्या फोटोपुढे जाऊन उभी राहिले. अगदी जवळ. माझ्या जागी गवत होतं, पिवळं, टोकाला ऊन लागलेलं. काम सफाईचं होतं. जोड कुठे दिसत नव्हता. माझी सावली पडली होती तिथेही त्यानं ऊन आणलं होतं. गवा मात्र त्याला बदलता आला नव्हता. तो तिथेच पाहत होता, मी होते तिथे, आणि आता तिथे पाहण्यासारखं काही नव्हतं.

किती वेळ उभी होते कोण जाणे. मागून एक मुलगी आली, हातात मोबाईल.

“आजी, थोडं बाजूला होता का? मला याचा फोटो घ्यायचा आहे.”

“घे ना,” मी म्हटलं. “मी इथंच उभी राहतो.”

तिला वाटलं मला ऐकू कमी येतं. तिनं पुन्हा सांगितलं, मोठ्यानं. मी पुन्हा तेच सांगितलं आणि फोटोकडे तोंड करून उभी राहिले. ती जराशी इकडे सरकली, तिकडे सरकली, मागे गेली. मग तिचा आवाज आला, राग नव्हता त्यात, चांगल्या घरची मुलगी असावी.

“राहू द्या आजी, उभ्या राहा तुम्ही. मी नंतर काढून टाकीन तुम्हाला.”